आवाज पोहोचेल तिथवर

...नाही, तुम्हीच सांगा मला, माणसानं बोलायचं तरी कुठं? घरात बोललो तर "अहो, हळू!" जिन्यात बोललो तर वरखालची दारं धडाधड बंद! दवाखान्यात बोललो तर ती नर्स ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे अशी बघते, जसा काही मी पेशंट नाही, साथीचा रोगच आहे! अरे, आवाज आहे माझा, चोरून आणलेला नाही! जन्म गेला पत्रे ठोकायच्या कारखान्यात, तिथं शेजारच्या माणसाकडे पाना मागायचा तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं, आणि आता रिटायर झालो म्हणून काय कान पिळून आवाज बारीक करू? मी रेडिओ आहे का?

तुम्हाला सांगतो, मुलाचा फ्लॅट म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत कपडे धुवायचं मशीन, आणि मशीनच्या पलीकडे जी जागा उरते तिथं मी. मुलगा आणि सून दोघंही घरूनच नोकरी करतात, कानात बोळे घालून दिवसभर भिंतीशी बोलतात, ते चालतं! मी दूधवाल्याला नुसतं "या" म्हणालो तर सुनेच्या साहेबानं तिकडून विचारलं, तुमच्याकडे मारामारी चालली आहे का? लगेच आमची ही धावत आली, हातात लाटणं, "अहो, किती हो तुमचा आवाज! माणसं काय म्हणतील?" मी बोललो का काही? नाही बोललो! एवढंच म्हटलं की माणसं म्हणायला माणसं शुद्धीवर असावी लागतात, इथं सगळ्यांच्या कानात बोळे आहेत!

मला फार काही नको हो. एक खुर्ची टाकता येईल एवढी स्वतःची जमीन. वर आभाळ, बाजूला चार हात मोकळं, आणि मी तोंड उघडलं की "हळू" म्हणणारं कुणी नको. बास. इतकीच इच्छा. आणि नेमकी ती इच्छा मी आमच्या भाच्यासमोर बोलून बसलो! तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. एका वकिलाच्या ऑफिसात फायली इकडच्या तिकडे करतो, पण चालतो असा, जसं काही न्यायाधीश रजेवर जाताना यालाच चार्ज देऊन गेलेत. वाक्यागणिक एक कलम सांगतो म्हणून आम्ही त्याला कलमच म्हणतो. तर हा कलम एक दिवस धापा टाकत आला. "मामा! मामा, सरकारनं जाहीर केलंय! गाव वसलं तेव्हा ज्यांना ज्यांना जमिनी इनाम मिळाल्या, त्यांच्या वारसांनी जुनी सनद शोधून काढायची, अर्ज करायचा, की हद्द मोजून मिळणार! आणि मामा, आपल्या घराण्याला इनाम होतं!"

"तुला कुणी सांगितलं?"

"आजी सांगायची."

आता याची आजी म्हणजे माझी आई. मी बोललो का काही? नाही बोललो! एवढंच म्हटलं की बाबा, तुझी आजी हेही सांगायची की तुझा मामा मोठा साहेब होणार!

पण कलम कसला ऐकतो! म्हणे वंशात सगळ्यात वडील तुम्ही, सही तुमची लागणार. सही म्हणजे काय, चौथीत शाळेनं मला सोडलं तेव्हा जेवढी येत होती तेवढीच. आणि मी 'बघतो' म्हणेपर्यंत ही बातमी कशी कोण जाणे सगळीकडे फुटली. तुम्हाला सांगतो, ज्या चुलत भावांनी माझ्या मुलाच्या लग्नाला यायला पाय दुखतो म्हणून सांगितलं होतं, ते दुसऱ्या दिवशी त्याच पायांनी तीन जिने चढून वर आले! एक चुलत, दोन चुलत, चुलतचे चुलत, एक तर असा आला की त्याचं माझं नातं सांगता सांगता तो स्वतःच वाटेत चुकला. सगळे म्हणे, "दादा, रक्त एकच आपलं!" हिनं चहाचं आधण चढवलं ते दुपारपर्यंत उतरवलंच नाही.

मग आमची वरात निघाली जुन्या दफ्तरखान्यात. सरकारी इमारतीचं तळघर. खाली उतरलं की ओल्या पोत्याचा वास, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांवर लाल फडक्यांत बांधलेली गाठोडी. त्या गाठोड्यांना म्हणे रुमाल म्हणतात. एवढाल्या रुमालांनी नाक पुसायचं तर नाक केवढं हवं! मध्ये एका टेबलाशी दफ्तरदारीण बाई. साखळीचा चष्मा, खांद्यावर शाल, आणि बोलणं असं, जसं काही शेजारच्या खोलीत तान्हं बाळ आत्ताच झोपलंय.

"हळू बोला," त्या कुजबुजल्या. "इथले कागद म्हातारे आहेत."

मी बोललो का काही? नाही बोललो! एवढंच म्हटलं की बाई, मीपण म्हाताराच आहे, पण मला कुणी रुमालात बांधून जपत नाही!

त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "पूर्वज काय काम करायचे?"

कलम पुढं सरसावला. "बाई, नाव सांगतो ना—"

"नाव नको. गाव वसलं तेव्हाची इनामं नावावर लावलेली नाहीत, कामावर लावलेली आहेत. नावाड्याचा रुमाल वेगळा, पहारेकऱ्याचा वेगळा, विहीर खणणाऱ्याचा वेगळा. काम सांगा, म्हणजे शोधता येईल."

झालं! आता पूर्वज काय करत होता हे कुणाच्या बापाला ठाऊक? अहो, बापाला ठाऊक असतं तर आम्हाला सांगितलं नसतं का? पण आमचे चुलत गप्प बसतात होय! थोरला म्हणाला, "सेनापती असणार. माझी छाती बघा." बाईंनी त्याची छाती बघितली आणि निमूटपणे सेनापतीचा रुमाल काढून दिला. नाही सापडलं. दुसरा म्हणाला, खजिनदार. का, तर म्हणे आमच्या घरात कुणाच्या हातातून पैसा सुटत नाही. तो रुमाल सोडला, शिंका आल्या, बांधला. मग तो नातं चुकलेला म्हणाला, "राजवैद्य! माझ्या हाताला गुण आहे!" त्याच्या हाताला एवढाच गुण की आलेल्या दिवसापासून आमच्या घरातल्या बिस्किटांच्या डब्याचं पोट हलकं होतंय. तोही रुमाल झाला. सेनापती गेला, खजिनदार गेला, वैद्य गेला, पूर्वज असा एक एक पायरी उतरत चालला, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे, एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस असता तर आपण असे असतो का रे? कुणीतरी हमाल-बिमाल बघा ना!"

तळघर घुमलं. वरच्या मांडणीवरनं धुळीचा एक पोपडा सुटून थेट कलमच्या डोक्यावर पडला.

बाई उठल्याच. पहिल्यांदाच त्या जरा मोठ्यानं बोलल्या. "अहो, माणूस आहात की भोंगा? तुमच्या घराण्यात कुणी हाळी देणारा होता काय?"

आणि एकदम त्यांनी मांडणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग शिडी लावली आणि कोपऱ्यातला एक बारकासा रुमाल खाली काढला. आत एकच कागद, चहात बुडवून वाळवल्यासारखा.

"तुमच्या घराण्याला जुनी माणसं काय म्हणायची?"

"मोठतोंडे," मी म्हटलं. लहानपणी मला वाटायचं आम्ही जेवतो फार म्हणून म्हणत असतील.

बाई वाचू लागल्या. तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला माझ्या. "'वसाहतीस पाणी पुरेना. सबब ओढ्यास बांध घालून पाटाने पाणी सोडू लागले. परंतु पाणी कोणत्या समयी येते हे लोकांस कळेना, पाणी वाहोन जाई व घागरी रित्या राहात. तेव्हा मोठतोंड्या म्हणोन एक इसम, त्याचा आवाज थोर, त्यास पाथरावर उभा करोन हाळी द्यावयास नेमिला. त्याची हाळी जिथवर ऐकू जाईल तिथवरची जमीन त्यास व त्याच्या वंशास इनाम दिली असे. वंशाने रोज पहाटे—'"

पुढं त्या वाचतच होत्या काहीतरी, पण ऐकतो कोण! आमच्या घराण्याला आनंद झाला म्हणजे तो गुपचूप होतो का? थोरल्यानं आरोळी ठोकली, धाकट्यानं शीळ घातली, कलम "आवाज पोहोचेल तिथवर! तिथवर!" म्हणून नाचायला लागला, आणि मी... आता माझं मी काय सांगू, वरच्या मजल्यावरून शिपाई धावत आला, त्याला वाटलं छत कोसळलं. बाईंनी कागदाची नक्कल कलमच्या हातात कोंबली आणि आम्हा सगळ्यांना शालीनं हाकलत हाकलत जिन्यापर्यंत आणून सोडलं, कोंबड्या हाकलतात तसं.

आणि त्या दिवसापासून माझी दशा सुरू झाली! तुम्हाला वाटेल, चला, आता म्हाताऱ्याच्या आवाजाला भाव आला. आला ना! इतका आला की मला बोलूच देईनात!

कलमनं फर्मान काढलं. "मामांचा आवाज म्हणजे आता घराण्याची इस्टेट आहे. तो दूधवाल्यावर वाया घालवायचा नाही. मोजणीच्या दिवसापर्यंत मौन!" अहो, मौन! मला! मिठाच्या गुळण्या सकाळी, मध दुपारी, गळ्याला मफलर, पंख्याखाली बसायचं नाही, हसायचं नाही. थोरल्या चुलतभावाची बायको, जी फोनवर माझा आवाज ऐकला की "राँग नंबर" म्हणायची, ती गरम पाण्याचा थर्मास घेऊन रोज दारात, "भावोजी, घसा कसा आहे?" आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं की, "नको, नको, बोलू नका!" मग विचारते कशाला बये?

मला लिहायला पाटी दिली. आता पाटीवर 'चहा' लिहायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणसाचा चहा पिऊन कप धुवून होतो. शेवटी मी कपाचं चित्र काढायला लागलो. तर कलम म्हणतो, "मामांना पाणी हवंय." कानवाला कप काढला होता रे! पाण्याच्या भांड्याला कान असतो का? मी बोललो का काही? नाही बोललो! खरंच नाही बोललो! आयुष्यात पहिल्यांदा नाही बोललो, आणि तेव्हा कळलं, न बोलणं हे काय प्रकरण असतं.

आणि माझ्या समोर बसून ते चुलत काय करत होते माहितीय? गल्लीच्या वाटण्या! तो पाथर आहे ना, ज्यावर पूर्वज उभा राहायचा, तो कलमनं शोधून काढला होता. जुन्या बाजारामागच्या गल्लीत, एका बाजूला शिंप्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला न्हाव्याचं, मध्ये हा खडक कंबरभर उंच, त्याच्यावर कुणीतरी पाइपांची जाहिरात रंगवलेली. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं, शेवटी वळण. चुलत म्हणे, "वळणापर्यंतचं माझं." दुसरा म्हणे, "वळणापर्यंत दादांचा आवाज पोहोचेल कशावरून?" "का नाही पोहोचणार? आवाज काय आज बघतोयस?" "मग वळणापलीकडेही जाईल!" "गेला तर ते माझं!" अशी माझ्या घशाची हद्द ते आपापसांत मोजत होते, आणि माझी खुर्चीएवढी जागा कुठं येणार हे कुणी मला विचारलंच नाही. मी पाटीवर खुर्ची काढून दाखवली. थोरला म्हणाला, "दादांना बसायचंय, स्टूल द्या."

मोजणीचा दिवस उजाडला. मोजणीदार आला, डोक्यावर टोपी, हातात लाल निशाण, बरोबर खडूची पेटी. दुपारची वेळ. त्यानं खडकाजवळ उभं राहून नियम सांगितला, "अर्जदारानं इथून हाळी द्यायची. मी घरोघरी विचारत जाणार. ज्या घरातला रहिवासी 'ऐकू आलं' म्हणेल, त्या दारावर मी खूण करणार. शेवटच्या खुणेपर्यंत हद्द. नातेवाइकांची साक्ष चालणार नाही."

"का नाही?" थोरला उसळला.

"कारण नातेवाइकांना न बोललेलंही ऐकू येतं," मोजणीदार म्हणाला. माणूस मला आवडला.

पण तुम्हाला सांगतो, आमच्या अकलेला काय झालं होतं! अरे, गल्लीतली माणसं काय बिनकानाची आहेत? त्यांना खबर लागली नसेल? 'ऐकू आलं' म्हटलं की घर गेलं! कोण म्हणेल? पण इनामाच्या नादात एकाच्याही डोक्यात हे आलं नाही, कलमच्यासुद्धा नाही, ज्याच्या डोक्यात एवढी कलमं आहेत!

मी चढलो खडकावर. मफलर काढला. इतक्या दिवसांचं साठलेलं... अहो, काय सांगू! तोंड उघडलं आणि ओरडलो, "ऐकूऽऽ येतंय काऽऽऽ?"

कबुतरं उडाली. कुत्री भुंकायला लागली. शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली. तिसऱ्या मजल्यावर एक तान्हं पोर टाहो फोडून रडायला लागलं. मी मनात म्हटलं, झालं काम!

मोजणीदार न्हाव्याच्या दारात. आत गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण आणि अर्ध्या गालावर कापसाचा बोळा, कारण वस्तरा लागलेला. "ऐकलं?"

"काय?" न्हावी म्हणाला.

"मग यांना वस्तरा कसा लागला?"

"सहज. हात आहे, हलतो."

"आणि तुम्ही?" मोजणीदारानं गिऱ्हाइकाला विचारलं.

गिऱ्हाइकानं बोळा दाबून धरला. "साहेब, ऐकू आलं असतं हो... पण मी इथंच वरती राहतो."

शिंपी म्हणाला, मशीन चालू होतं. मशीनवर मांजर झोपलेलं! तान्ह्या पोराची आई वरून म्हणाली, "तो आपला असाच रडतो, त्याला पोटाचं आहे." मी दुसरी हाक मारली. तिसरी मारली. चौथीला पहिल्या मजल्यावरची एक बाई खिडकीतून अर्धी बाहेर आली, कपाळाला पट्टी बांधलेली. "अहो आजोबा! ऐकू येत नाही म्हणून इतक्यांदा सांगितलं ना? मग एवढ्यानं ओरडता कशाला? डोकं फुटायची वेळ आली माझी!"

मी बोललो का काही? नाही बोललो! कारण आता बोलायला आवाज तरी कुठं होता? घसा असा झाला, जसा पत्र्यावर पत्रा घासावा. कलम मोजणीदाराच्या पाया पडायला आला. "साहेब, बाकीचे सोडा, तुम्ही स्वतः तर ऐकलंत ना?"

मोजणीदारानं टोपी काढली, घाम पुसला, इकडं तिकडं बघितलं. "मी? अहो, मीपण याच गल्लीत राहतो. ते वळणावरचं घर माझं."

सगळी गल्ली ठार बहिरी! चुलत एकेक करून घड्याळं बघायला लागले. थोरल्याचा पाय पुन्हा दुखायला लागला. तो नातं चुकलेला तर केव्हाच निघून गेला होता, नातं न सापडताच. आणि मी खडकावर बसलो. खाली बघतो तर काय, प्रत्येक दाराबाहेर बादल्या. एकात एक घातलेल्या. पिंपं. हंडे. नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं, आणि नळ कोरडा ठणठणीत. मी शिंप्याला घोगऱ्या आवाजात विचारलं, "पाणी कधी येतं इथं?"

"कधीही," तो वैतागून म्हणाला. माझ्यावर राग असला तरी पाण्याचा विषय निघाला की माणूस बोलतोच. "पहाटे येतं, पण पहाट केवढी मोठी असते! कधी अंधारात येतं, कधी उजाडता उजाडता. एकदा तर दुपारी आलं आणि गेलं, कुणाला पत्ता नाही. जागायचं किती माणसानं?"

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, आमचा तो पूर्वज इथं उभा राहून काय ओरडत असेल? 'ऐकू येतंय का' असं ओरडत असेल? मोठतोंड्याच्या नावानं बोंब मारत असेल? कुणाला पडलीय मोठतोंड्याची! मी पुन्हा उभा राहिलो. घशात जे काही उरलंसुरलं होतं ते गोळा केलं. डोळे मिटले.

"पाणीऽऽऽ आलंऽऽऽ होऽऽऽ!"

बाबो! अहो, गल्ली फुटली! दारं उघडली, खिडक्या उघडल्या, बादल्यांचा असा खणखणाट की कारखाना आठवला मला! न्हावी वस्तऱ्यासकट बाहेर, गिऱ्हाईक साबणासकट, डोकं दुखणारी बाई दोन हंडे घेऊन जिन्यावरनं उड्या मारत खाली, तान्हं पोर शेजारणीच्या कडेवर आणि त्याची आई नळावर! पार वळणापर्यंत माणसंच माणसं. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? मोजणीदार! निशाण टाकलं, खडूची पेटी टाकली, घराकडे पळाला आणि बादली घेऊन हजर!

नळ सोडले. नळ म्हणाले, फुस्स.

सगळे नळाकडे बघतात, मग बादलीकडे बघतात, मग हळूच माझ्याकडे. आणि मागून कलमची किंकाळी, "ऐकलं! ऐकलं! सगळ्यांनी ऐकलं!"

पुढं जे झालं ते काय वर्णावं! आमचे चुलत परत आले, थोरल्याचा पाय बरा झाला, मला खांद्यावर घ्यायला लागले. गल्लीवाले शिव्या द्यायला लागले, डोकं दुखणारीनं हंडा उगारला. पण मोजणीदार खरा माणूस. पकडला गेला तर पकडला गेला. हातातली बादली न सोडता त्यानं खडू उचलला आणि दारादारावर खूण करत गेला, आणि शेवटची खूण स्वतःच्या दारावर केली. मग परत आला, खडकाला टेकला, कलमच्या हातातली सनदेची नक्कल घेतली आणि म्हणाला, "आता पुढचं वाचू?"

"पुढचं?" कलम म्हणाला. "पुढं काय आहे?"

तुम्ही म्हणाल, एवढ्या दिवसांत नक्कल घरात पडलेली, कुणी वाचली नाही? नाही वाचली! 'वंशास इनाम' एवढं कळल्यावर पुढं वाचतो कोण? वकिलाकडचा माणूसच वाचत नाही तर मी चौथीवाला काय वाचणार!

मोजणीदार वाचू लागला. "'वंशाने रोज पहाटे पाणी सुटताच हाळी द्यावी. हाळी चुकेल त्या दिवशी इनाम संपले, जमीन वसाहतीस माघारी. हाळी मात्र बंद करो नये, जमीन असो वा नसो, कारण पाणी लोकांस रोज लागते.'" मग त्यानं मान वर केली. "तुमच्या घराण्यात शेवटची हाळी कुणी दिली?"

मी थोरल्याकडे बघितलं. थोरल्यानं धाकट्याकडे. धाकट्यानं कलमकडे. कलमनं आभाळाकडे. अहो, माझ्या आजाला ठाऊक नाही, पणजाला ठाऊक नाही! पहाटे उठणं आमच्या रक्तातच नाही!

"म्हणजे जमीन गेली," कलम पुटपुटला.

"केव्हाच," मोजणीदार म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर जी काही टवटवी आली! "हाळीचं काम तेवढं तुमच्याकडे राहिलं."

आणि तुम्हाला सांगतो, मी मागं वळून बघतो तर एकही चुलत जाग्यावर नाही! 'रक्त एकच' म्हणणारे ते रक्तासकट गायब! कलम निघता निघता म्हणाला, "मामा, कायद्यानं बघितलं तर मी बहिणीकडचा, मला हे लागू होत नाही!" आता म्हणे बहिणीकडचा! चहा ढोसताना कुणीकडचा होतास रे?

मी एकटा. खडकावर. समोर सगळी गल्ली, बादल्या घेऊन. मी हळूच उतरायला लागलो, तर ती डोकं दुखणारी बाई पुढं आली. मला वाटलं, आता हंडा बसतो. ती म्हणाली, "मग आजोबा, उद्या पहाटे याल ना?"

मी म्हटलं, "मी काय तुमचा नोकर आहे? जमीन नाही, जुमला नाही, पहाटे उठून ओरडू कशाला?"

"या हो," न्हावी म्हणाला. "पाणी सोडणाऱ्याला सांगून ठेवतो, तो तुम्हाला निरोप देईल. झोपमोड तरी वाचेल आमची."

आणि मागून ते गिऱ्हाईक, साबण वाळलेलं, "आणि हो आजोबा, लाजू नका. चांगलं मोठ्यानं ओरडा!"

अहो! मोठ्यानं! आख्ख्या जन्मात मला कुणी 'मोठ्यानं' म्हणालं नव्हतं हो! तिथं माझी हाडं विरघळली. शिंप्यानं दुकानातनं खुर्ची आणली, खडकाशेजारी टेकवली. "बसा. पाणी येईपर्यंत बसायला लागेल." आता खुर्ची त्याची, जमीन गल्लीची, माझी फक्त बैठक. म्हटलं, चला, इस्टेट ती इस्टेट.

तेव्हापासून जातो रोज. पाणी सुटलं की खडकावर चढतो आणि अशी हाळी देतो की वळणापलीकडची गल्लीसुद्धा आता बादल्या घेऊन येते, आणि ज्यांच्या घराला खडूची खूण झाली होती तेच वरनं ओरडतात, "आजोबा, आज जरा कमी ऐकू आलं!"

पण याचं एक झालं. सकाळी घरी परततो तेव्हा घशातनं नुसती हवा येते. रात्रीपर्यंत शब्द फुटत नाही. आणि आमची ही... तुम्हाला सांगतो, मला वाटायचं हिला बोलायला फारसं काही नसतंच. अहो, होतं! लग्नापासूनचं होतं! ती समोर बसते, मटार सोलत, आणि एकेक काढते, पहिल्या वर्षाचं, दुसऱ्या वर्षाचं, मी काय म्हणालो होतो, माझी बहीण काय म्हणाली होती, कुणी ऐकून घेतलं नव्हतं. आणि मी ऐकतो. करतो काय! मध्ये बोट वर केलं तर म्हणते, "थांबा, अजून आपण मुलाच्या बारशापर्यंतही आलो नाही."

आज पाणीच सुटलं नाही, म्हणून तर तुमच्याशी एवढं बोलायला आवाज शिल्लक राहिला. बाकी घरात बोलायची वहिवाट आता हिच्या नावानं लागलेली आहे, आणि त्याला हरकत घ्यायची म्हटलं तर आधी माणसाला घसा पाहिजे!